गर्भातली दारू आणि बाळाचे डोळे : लेकीच्या निमित्ताने

रानजाई

नमस्कार मंडळी,

आठ महिने मनात घोळणारं आज लिहायला घेतलंय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक साडेसहा वर्षांची आहे. चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. पहिल्यापासून ती पुस्तक नाकाला टेकवून बघायची, आणि डावा डोळा मधूनच आत वळायचा. "लहान आहे, होईल सरळ," असं घरच्यांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, पहिल्या दोन दवाखान्यांतही हेच ऐकलं. पावणेचार वर्षांची असताना चष्मा लागला. तिरळेपणा कमी झाला, पण तक्त्यावरच्या खालच्या ओळी काही वाचता येईनात. पुन्हा नंबर काढला, काचा बदलल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी लावून झाली. तरी ६/१८ च्या पुढे गाडी सरकेना.

यंदा जानेवारीत एका बालनेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले आणि स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक दुसऱ्या कुठल्या मुलाचा होता. नारिंगी पडद्यावर फिकट पिवळी, गोल, टिकलीसारखी चकती. दुसरा माझ्या लेकीचा. टिकलीच्या जागी तांदळाच्या कणीएवढा ठिपका, त्याच्याभोवती एक फिकट कडं, आणि रक्तवाहिन्या नदीच्या वळणांसारख्या नागमोडी. बाई म्हणाल्या, "ही चकती म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तारांची जुडी. हिची जुडी जन्मापासूनच बारीक आहे." नाव सांगितलं ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेसिया.

मग त्यांनी खणातून एक पारदर्शक पट्टी काढली. लेकीला छताच्या पंख्याकडे बघायला सांगितलं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. दोनदा. ओठावरची पन्हळ बघितली. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जन्मदात्रीबद्दल काही माहिती आहे का? गरोदरपणात साखर होती का, फिटच्या गोळ्या चालू होत्या का, दारू घेत होती का?"

आमच्याकडच्या फाइलीत आईच्या आरोग्यासमोर तीन शब्द आहेत. 'माहिती उपलब्ध नाही.'

त्या रात्रीपासून वाचते आहे. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमुआन या बालरोगतज्ज्ञांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची पाहणी करून त्यांच्या चेहऱ्यातलं, वाढीतलं साम्य लिहून ठेवलं. लेख फ्रेंचमध्ये होता, बाहेर फारसा कुणी वाचला नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच वेगळ्या मुलांमध्ये पाहिलं आणि त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. डोळ्याची आखूड फट, ओठावरची सपाट झालेली पन्हळ आणि पातळ वरचा ओठ या तीन खुणा तेव्हापासून ओळखल्या जातात. आता सौम्य-तीव्र सगळ्या प्रकारांना मिळून एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात.

माझ्या लेकीला हेच आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. आणि हे आधीच स्पष्ट सांगते, तिच्या पहिल्या आईला दोष देण्यासाठी हा धागा नाही. त्या बाईनं नऊ महिने हिला पोटात वाढवलं. ती कोण, कुठे राबत होती, तिला कुणी काय पाजलं, तिला दिवस गेलेत हे तिला तरी कधी कळलं, मला काही ठाऊक नाही. एवढंच वाटत राहतं की त्या नऊ महिन्यांत एखाद्या नर्सनं तिला शेजारी बसवून, दरडावून न बोलता, एक प्रश्न विचारला असता आणि उत्तर कागदावर उतरवलं असतं, तर माझ्या मुलीचे डोळे चौथ्या वर्षी नाही, चौथ्या महिन्यात तपासले गेले असते.

इथे डॉक्टर आहेत, संशोधक आहेत, परदेशातली मंडळी आहेत. दारूचा आणि डोळ्याचा संबंध नेमका कसा लागतो? पुढे काय काय बघावं लागेल? ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

---

नेत्रपल्लवी

रानजाई ताई, मी लहान मुलांचे डोळे तपासते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग. गर्भ राहिल्यावर साधारण २२ व्या दिवशी मेंदूच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन खाचा दिसू लागतात. त्या फुगून बाहेर येतात आणि कातडीला आतून टेकतात. जिथे टेकतात तिथली कातडी जाड होऊन तिचं भिंग बनतं. इकडे तो फुगा स्वतःतच दबला जातो. रबरी चेंडू अंगठ्यानं दाबला की त्याची वाटी होते ना, अगदी तसा. हीच वाटी पुढे डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, होते. वाटीला खालच्या बाजूला एक फट असते, ती सहाव्या-सातव्या आठवड्यात शिवण घातल्यासारखी मिटते. मिटली नाही तर बाहुली कुलपाच्या भोकासारखी दिसते, त्याला कोलोबोमा म्हणतात.

तारांचं काम यानंतरचं. पडद्यातल्या पेशी एकेक धागा मेंदूकडे सोडतात आणि त्या धाग्यांची जुडी म्हणजे दृष्टिचेता. गर्भ सोळा-सतरा आठवड्यांचा असताना या जुडीत ३५ लाखांहून जास्त धागे असतात. पुढे नको असलेले गळून जातात आणि शेवटी १० ते १२ लाख उरतात. गळणं नैसर्गिकच आहे. पण दारूमुळे मुळात पेशी कमी बनल्या किंवा गळती प्रमाणाबाहेर झाली, की जुडी बारीक राहते. तुम्ही स्क्रीनवर पाहिलेलं कडं हीसुद्धा ओळखीची खूण आहे. जागा मोठ्या जुडीसाठी ठेवलेली होती, जुडी लहान आली, म्हणून भोवती रिकामी किनार दिसते.

दारू वारेतून सरळ पार जाते. बाळाच्या रक्तात ती जवळपास आईच्या रक्ताइतकीच चढते. फरक उतरण्यात आहे. आईचं यकृत ती मोडून टाकतं, बाळाच्या यकृताची ती ताकदच नसते. शिवाय गर्भजलातही ती साठून राहते. आईची उतरली तरी बाळाचं तिच्यात डुंबणं चालूच असतं.

फट आखूड का, हेही सांगते. डोळ्याचा गोळा जसा वाढतो तशी पापण्यांची फट वाढते. गोळा लहान तर फट लहान. मात्र पट्टी लावून उठसूट कुणी आपल्या मुलाचे डोळे मोजू नयेत. एकेका मिलिमीटरचा खेळ असतो, आणि वयाप्रमाणे, लोकसमूहाप्रमाणे सरासरी बदलते.

या मुलांत तिरळेपणा, मोठा सिलिंडर नंबर, मायोपिया आणि पापणी उतरलेली असणं जास्त दिसतं. मोतीबिंदू किंवा अगदी लहान राहिलेला डोळा त्या मानानं क्वचित.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बारीक दृष्टिचेता म्हणजे आई दारू प्यायलीच, असं उलटं गणित मांडता येत नाही. हा दोष कुठलंही कारण न सापडताही येतो. मेंदूच्या आणि पिट्युटरी ग्रंथीच्या (मेंदूखालची, वाढीचं हार्मोन सोडणारी ग्रंथी) दोषांसोबत येतो, आईच्या मधुमेहाशी त्याचा संबंध दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी चारही बाजूंनी विचारलं ते बरोबर केलं. उंची नीट वाढते आहे ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून बघून घेतलंय का? नसेल तर पिट्युटरीसाठी ती तपासणी नक्की करा.

---

रानजाई

डॉक्टर, डोळ्यांतून पाणी आलं वाचताना. उंचीचं कुणीच बोललं नव्हतं. या आठवड्यातच जाते.

---

सोनचाफा७

असा धागा मराठीत पहिल्यांदाच वाचते आहे. पुढच्या प्रतिसादांची वाट बघते.

---

अनामिक_पुणे

नाव न लिहिता विचारते, माफ करा. मला आठवा आठवडा चालू आहे. पाचव्या आठवड्यात कळलं. त्याच्या आठवडाभर आधी मैत्रिणीच्या लग्नात दोन ग्लास वाइन घेतली होती. वरचं २२ व्या दिवसाचं वाचल्यापासून हातपाय गार पडलेत. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

---

नेत्रपल्लवी

अनामिक, आधी एक दीर्घ श्वास घ्या.

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. गर्भ त्याच्या साधारण दोन आठवड्यांनी राहतो. म्हणजे तुमच्या चौथ्या आठवड्यात गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा होता. मी लिहिलेला २२ वा दिवस गर्भ राहिल्यापासूनचा आहे, तुमच्या हिशेबात तो सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला येतो. तोवर तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही थांबला होतात, बरोबर ना?

खोटा दिलासा देणार नाही. 'इतकी चालते' असा आकडा कुणालाही सांगता आलेला नाही, म्हणून सल्ला शून्याचाच असतो. पण धोका आणि खात्री यांत फार अंतर आहे. सगळ्यात जास्त नुकसान एका बैठकीत भरपूर आणि पुन्हा पुन्हा पिण्यानं होतं. दृष्टिचेतेचं काम पुढचे कितीतरी महिने चालायचं आहे, म्हणजे आजपासूनचा प्रत्येक दिवस तुमच्या हातात आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगा, जसं इथे सांगितलंत तसंच. सोनोग्राफीत इतकी बारीक नस दिसत नाही, तेव्हा त्यात शोधत बसू नका. बाळ झालं की बालरोगतज्ज्ञांनाही सांगून ठेवा. बास.

---

अनामिक_पुणे

रडून झालं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरोबरच जाऊ सांगायला. खूप खूप आभार.

---

जलतरंग

मी झेब्राफिशवर काम करते, माझा विषयच गर्भाची वाढ. म्हणून राहवलं नाही.

झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला मासा. भाताच्या खाचरांत, संथ ओढ्यांत सापडतो, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, कारण त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर, पाण्यात वाढतात आणि काचेसारखी आरपार दिसतात. सकाळी अंडं ठेवलं तर दुसऱ्या सकाळी भिंगाखाली डोळ्याची वाटी दिसते. पाचव्या दिवशी पिल्लू हलत्या पट्ट्यांमागे डोळे फिरवतं.

आता त्याच पाण्यात सुरुवातीच्या काही तासांत दारू मिसळली तर? डोळे लहान होतात. पडद्याचे थर नीट बसत नाहीत, नस बारीक राहते. मात्रा वाढवली की दोन डोळे एकमेकांकडे सरकतात, आणि फार वाढवली तर कपाळाच्या मध्यावर एकच डोळा. हे आजचं ज्ञान नाही. चार्ल्स स्टॉकार्ड यांनी १९१० च्या सुमारास समुद्री माशाच्या अंड्यांवर दारूचा असाच परिणाम दाखवला होता. सिंड्रोमला नाव मिळायच्या साठ वर्षं आधी!

सस्तन प्राण्यांतला मोठा पुरावा १९८१ चा. कॅथलीन सुलिक आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना सातव्या दिवशी दारू दिली. फक्त एका दिवशी. पिल्लांचे चेहरे आणि डोळे तसेच निघाले जसे डॉक्टर मुलांमध्ये बघत होते. उंदराचा सातवा दिवस म्हणजे माणसाचा गर्भ राहिल्यापासूनचा तिसरा आठवडा. म्हणजे पाळी चुकलीय की नुसती लांबलीय या संभ्रमातले दिवस.

आत काय घडतं, तेही सांगते. जीवनसत्त्व अ पासून शरीर रेटिनोइक आम्ल तयार करतं. गर्भातल्या पेशींना 'तू डोळा हो, तू नाक हो' असं सांगणारा तो निरोप्या. हे आम्ल बनवायला जी विकरं (एन्झाइम) लागतात त्यांचंच कुटुंब दारूही पचवतं, कारण रसायनशास्त्राच्या भाषेत जीवनसत्त्व अ चं मूळ रूपही अल्कोहोलच आहे. दारू आली की तिथे रांग लागते आणि निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. गर्भाला मध्यरेषा आखून देणारा दुसरा एक संदेश असतो, तोही क्षीण होतो, त्यातूनच डोळे जवळ येतात. आणि चेहरा घडवायला निघालेल्या पेशी वाटेतच मरतात. एकच एक कारण शोधायला गेलं तर सापडत नाही.

माशांत दारूबरोबर फॉलिक आम्ल किंवा रेटिनोइक आम्ल दिलं तर डोळ्याचं नुकसान कमी झालेलं दिसलं आहे. मी ते पाहते तेव्हा आशा वाटते.

---

मीनल_के

मग गरोदर बाईनं जीवनसत्त्व अ च्या गोळ्या घ्याव्यात का? मेडिकलमध्ये सहज मिळतात.

---

जलतरंग

अजिबात नको! माझ्या वाक्याचा असा अर्थ निघू शकतो हे लक्षात यायला हवं होतं. रेटिनोइक आम्ल कमी पडलं तर गर्भ बिघडतो, तसाच जास्त झालं तरी बिघडतो. मुरुमांवर देतात ती आयसोट्रेटिनॉइन याच कुटुंबातली, आणि गरोदरपणात तिला सक्त मनाई आहे ती याचसाठी. माशाच्या पाण्यात थेंब मोजून टाकणं वेगळं. फॉलिक आम्लाची गोळी डॉक्टर देतातच, तेवढीच घ्या.

---

परखड

माहिती चांगली आहे, पण हा आपला प्रश्न आहे का? आपल्याकडे बायका पितात कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या बायकांत पिणाऱ्या जेमतेम १.३ टक्के आणि पुरुष १८.८ टक्के होते. उगाच पाश्चात्त्यांची भीती आयात करू नये असं माझं मत.

---

पाऊलवाट

परखड दादा, तुमचा आकडा बरोबर आहे. पण तो सगळ्या देशाची सरासरी आहे. त्याच पाहणीत अरुणाचलात बायकांचं प्रमाण २४ टक्के होतं. आणि दुसरं म्हणजे, घरी आलेल्या अनोळखी माणसानं विचारल्यावर किती बायका 'हो' म्हणतील?

मी गडचिरोली भागात सतरा वर्षं नर्स आहे. १९९३ पासून इथे दारूबंदी आहे, आणि ती बायकांनीच लावून धरली. मोहफुलाचं इथल्या घरात काय स्थान आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. मोह अन्न आहे, पैसा आहे, देवाला वाहायचा मान आहे. वाळवलेली फुलं भाजून खातात, लाडू करतात, त्यात काही वाईट नाही. आंबवून काढलेली मात्र दारू. सणाला बाईनंही घोटभर घ्यायची रीत काही घरांत आहे, आणि दिवसभर वाकून रोवणी केल्यावर कंबर मोडते म्हणून घेणाऱ्याही मी पाहिल्यात. दुष्टपणा कुणाच्या मनात नसतो. पोटातल्या पोराच्या डोळ्याशी तिचं काही नातं आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मी आधी विचारायचे, "दारू पीत नाहीस ना?" उत्तर ठरलेलं, "नाही बाई." एकदा एका म्हाताऱ्या दाईनं मला शिकवलं. ती म्हणाली, असं नको विचारू. आता मी विचारते, "मागच्या सणाला घरी मोहाची काढली होती का? तू किती घेतलीस?" बाई सरळ सांगते. अर्धा पेला, एक पेला, जे असेल ते. मग सांगते की बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ती उतरत नाही. पुढच्या महिन्यात ती स्वतःहून येऊन सांगते, "बाई, नाही घेतली." आणि शहरातल्या पार्ट्यांचं तर वर अनामिक ताईंनी धीर करून लिहिलंच आहे.

---

परखड

पाऊलवाट ताई, प्रश्न विचारायच्या पद्धतीचं लिहिलंत ते मनाला भिडलं. माझं म्हणणं मागे घेतो. मी फक्त आकडा पाहिला होता.

---

उत्तरवारा

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून लिहितो. योगायोग असा की डोळे आणि गर्भातली दारू या विषयावरचं पायाभूत काम याच शहरात झालं. शेर्स्टिन स्ट्रॉमलँड या नेत्रतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात सिंड्रोम असलेल्या मुलांचे डोळे एकेक करून तपासले. जवळपास निम्म्या मुलांत दृष्टिचेता बारीक सापडली, आणि रानजाई ताईंनी लिहिलंय तशा नागमोडी रक्तवाहिन्याही. त्याआधी या मुलांकडे मुख्यतः चेहरा, उंची आणि बुद्धी या अंगानं बघत असत.

नंतर इथल्याच मंडळींनी पूर्व युरोपातून स्वीडनमध्ये दत्तक आलेल्या मुलांचा अभ्यास केला. साधारण निम्म्या मुलांना गर्भातल्या दारूची बाधा झालेली निघाली. ताई, तुमच्यासारखेच आईबाप. हातात तशीच कोरी फाइल. म्हणून डोळ्याला इथे इतकं महत्त्व आलं. वय वाढेल तशा चेहऱ्याच्या खुणा पुसट होत जातात, पण ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा डोळ्यातले दोष तसेच होते. अलीकडे त्यांनी गुण देण्याची एक पद्धतही बसवली आहे. दृष्टी, नंबर, तिरळेपणा आणि डोळ्याची रचना, प्रत्येकाला एक ते चार गुण. त्यावरून निदान ठरत नाही, पण निदानाला हात मिळतो.

दक्षिण आफ्रिकेचाही उल्लेख करतो. केपच्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देत. 'डॉप' म्हणतात त्याला. पिढ्यान् पिढ्या मजुरांना असं पाजलं गेलं. पद्धत कायद्यानं बंद झाली, पण जगात या आजाराचं सर्वाधिक प्रमाण नोंदलं गेलं ते याच भागात. हे वाचलं की 'आईची चूक' हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

---

रानजाई

डॉपबद्दल ठाऊक नव्हतं. बराच वेळ तशीच बसून राहिले.

---

मीनल_के

अजून एक विचारते. सासूबाई गरोदरपणापासूनच अरिष्ट सुरू करायला सांगताहेत, भूक लागते म्हणून. बाटलीवर 'स्वयंनिर्मित अल्कोहोल' असं छापलंय. हे चालतं का?

---

वैद्य_मृण्मयी

आसव-अरिष्टं आंबवूनच होतात, त्यामुळे त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. मात्रा चार चमचे असते, ग्लासभर नाही, त्यामुळे पार्टीशी तुलना करू नये. तरी गरोदरपणात ती स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. दशमूलारिष्ट वगैरे परंपरेनंही बाळंतीण झाल्यावरची औषधं आहेत. भुकेसाठी अल्कोहोल नसलेले पर्याय आमच्याकडे भरपूर आहेत, वैद्यांना लेबल दाखवून विचारा. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, तीही बाटली वाचून घ्या.

---

शिवारकर

बापाच्या पिण्याचं काय? सगळा भार बाईवर टाकायचा हे पटत नाही.

---

जलतरंग

दादा, योग्य विचारलंत. उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत फक्त नराला दारू दिली तरी पिल्लांच्या चेहऱ्याच्या ठेवणीत फरक दिसले आहेत. माणसांबाबत अजून तसं ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्या घरात नवरा रोज पितो त्या घरात बायकोनं एकटीनं थांबणं किती अवघड असतं, त्याला प्रयोग लागत नाही.

---

पाऊलवाट

जलतरंग ताईंना अनुमोदन. मी आता नवऱ्यालाही बसवून घेते. "नऊ महिने तूही सोड," म्हणते. सगळे ऐकत नाहीत. काही ऐकतात.

---

उत्तरवारा

बाटलीवरच्या सूचनेचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेत १९८९ पासून गरोदर बायकांसाठी इशारा छापतात. फ्रान्समध्ये २००७ पासून आडवी रेघ मारलेलं गरोदर बाईचं चित्र किंवा तशा इशाऱ्याचं वाक्य सक्तीचं आहे. आपल्याकडे २०१९ पासून आलेल्या इशाऱ्यात आरोग्याचा आणि गाडी चालवण्याचा उल्लेख आहे, गर्भाचा नाही. चित्र असतं तर न वाचणाऱ्यालाही कळलं असतं. अर्थात मोहाच्या हंड्यावर लेबल कोण लावणार, तिथे पाऊलवाट ताईच हव्यात.

---

दृष्टिपाठ

मी अल्पदृष्टी असलेल्या मुलांना शिकवते. रानजाई ताई, पुढे काय करायचं ते माझ्याकडून घ्या.

नस परत जाड होत नाही. हे एकदा मनाशी मान्य केलं की बाकीचं खूप करता येतं. चष्मा सोडायचा नाही, कारण नसेमुळे गेलेली दृष्टी तो देत नसला तरी नंबरामुळे गेलेली देतो. वर्गात पहिल्या बाकावर, फळ्याच्या मध्यासमोर बसवा, खिडकीची चमक डोळ्यावर येणार नाही असं. टेबलावर तिरकी पाटी ठेवा, म्हणजे मान मोडून वाकायला लागणार नाही. पुस्तक नाकाजवळ धरलं तर ओरडू नका. त्यानं डोळे बिघडत नाहीत, अक्षर मोठं दिसतं म्हणून ती तसं धरते. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीची खिडकी कापा आणि पानावर सरकवत वाचायला द्या, ओळ चुकणार नाही.

आणि एक बघा. भरलेल्या कपाटातून तिला हवी ती वस्तू सापडते का? गर्दीत तुम्हाला शोधता येतं का? जिना उतरताना पायरी चाचपते का? या मुलांत डोळ्यापर्यंत चित्र पोचूनही मेंदूला त्याचा अर्थ लावायला वेळ लागू शकतो. शाळा त्याला आळस म्हणते. तिचा ड्रॉवर रिकामा करा, तीनच वस्तू ठेवा, फरक दिसेल.

खर्चाची अडचण असलेल्यांसाठी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. डोळ्याचा संशय असेल तर पथकाला स्वतःहून सांगा, तेवढ्या गर्दीत त्यांच्या नजरेतून सुटू शकतं.

---

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा.

उंचीची आणि हार्मोनची तपासणी झाली, सगळं ठीक आहे. नेत्रपल्लवी डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर राहूनच गेलं असतं.

काळ्या पुठ्ठ्याची खिडकी केली. पहिल्या दिवशी तिनं ती भिरकावून दिली. दुसऱ्या दिवशी मी त्यावर तिच्या आवडीचं फुलपाखरू चिकटवलं, तेव्हापासून ते 'माझं दार' झालंय. ड्रॉवर रिकामा केला. चार दिवसांनी सकाळी ती स्वतःच मोजे घालून समोर उभी! गेली दोन वर्षं मोज्यांवरून रोज सकाळी मी तिच्यावर चिडत होते, ते आठवून फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलंही. तिनं विचारलं, "मग आता रोज तीनच वस्तू?" म्हटलं, हो, तीनच.

शाळेत वर्गशिक्षिकांना फोटो दाखवला, टिकली आणि तांदळाची कणी. त्यांनी त्याच दिवशी बाक बदलला.

दत्तकाच्या संस्थेला पत्र लिहिलं आहे. कुणाचं नाव-गाव विचारलेलं नाही, तसा मला अधिकारही नाही. पुढे येणाऱ्या बाळांच्या आया जर दाखल होत असतील, बोलायच्या मनःस्थितीत असतील, तर पाऊलवाट ताईंच्या पद्धतीनं तो एक प्रश्न विचारावा आणि फाइलीत उत्तर लिहावं, एवढीच विनंती केली. ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा उतरवलाय, चालेल ना? उत्तर आलं की इथेच कळवते.

---

पाऊलवाट

चालेल म्हणजे काय, धावेल. फक्त मोहाच्या जागी त्या भागात जे काढत असतील त्याचं नाव घाला, नाहीतर बाईला वाटेल विचारणारी परकी आहे.

---

अनामिक_पुणे

रानजाई ताई, आमचं सांगून झालं. डॉक्टरांनी काही न बोलता माझ्या कार्डावर एक ओळ लिहिली. मला आता अकरावा आठवडा चालू आहे.